प्लग काढला म्हणजे आतला करंट गेला असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत होम थिएटरची देखभाल आणि दुरुस्ती घरच्या घरी कशी करायची यावर पानभर मजकूर आलाय, तो मी दोनदा वाचला. मी अॅम्प्लिफायर, एव्ही रिसिव्हर, सबवूफर हेच दुरुस्त करतो त्यामुळे असं काही छापून आलं की बरंच वाटतं, कारण बारीकशा फॉल्टपायी चांगला सेट भंगारात जातो ते बघवत नाही. पण त्यात एक वाक्य आहे की प्लग काढून ठेवला की कव्हर उघडायला काही भीती नाही, आणि ते वाचल्यापासून मला चैन पडेना म्हणून हे पत्र लिहितोय.

भीती आहे हो. प्लग काढला म्हणजे बाहेरून येणारा करंट थांबला एवढंच, आत जो साठलाय तो तिथंच बसलेला असतो. अॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी डब्यासारखे दोन मोठे कॅपॅसिटर उभे असतात, जुनी मंडळी त्यांना कंडेन्सर म्हणतात, त्यांचं कामच मुळी करंट साठवून ठेवायचं. समजा एकेकाची साठवायची क्षमता १०,००० मायक्रोफॅरड आहे आणि ५० व्होल्टला भरलाय, तर एकात साडेबारा ज्यूल, दोघांत मिळून २५. म्हणजे एक किलोचं वजन अडीच मीटरवरून खाली पडावं तेवढी ताकद त्या दोन डब्यांत गप बसलीये. आणि आजकाल साउंडबार, सबवूफर, छोटे रिसिव्हर यात बहुधा जड ट्रान्सफॉर्मर नसतो, एसएमपीएस म्हणजे हलका स्विचिंग पॉवर सप्लाय असतो, तो २३० व्होल्ट एसी थेट डीसी करून घेतो आणि तिथं पहिल्या कॅपॅसिटरवर ३२५ च्या आसपास डीसी व्होल्ट उभे राहतात. त्याच्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं ते उगाच नाही.

आता कुणी म्हणेल की आम्ही किती वेळा सेट उघडला, कधी काही झालं नाही. खरंय, आणि त्याचं कारण सांगतो कारण तेच लोकांना कुणी सांगत नाही. चालू सेट प्लग काढल्यावर आतला साठा स्वतःच खाऊन टाकतो, गाणं अर्धा सेकंद रेंगाळतं, समोरची लाइट हळूहळू विझते, ते बघितलं असेल तुम्ही. पण बंद पडलेला सेट तो साठा खात नाही! पुढचं सर्किट मेलेलं असेल तर करंट वापरणारं कुणी उरतच नाही, मग कॅपॅसिटर भरलेला तो भरलेलाच. साठा उतरवायला बहुतेक ठिकाणी एक ब्लीडर रेझिस्टर असतो, पण तोही जळू शकतो, त्याचंही सोल्डर सुटू शकतं. आणि माणूस उघडतो कुठला सेट? बंद पडलेलाच ना. चालणारा कोण उघडतंय.

माझ्याच हातावरची गोष्ट सांगतो. नवीन असताना एक बंद सबवूफर उघडला होता, प्लग काढून तासभर झालेला, मागची प्लेट सोडवून बोर्ड उलटा करताना अंगठा सोल्डरच्या दोन टोकांवर पडला. झटका बसला तो बसलाच, पण हात इतक्या जोरात मागं आला की पत्र्याच्या कडेनं मनगटाजवळ चर्रकन कापलं, टाके पडले. शॉकपेक्षा जास्त जखमा अशाच होतात, हात झटकतो, डोकं कपाटावर आपटतं, जड सेट पायावर पडतो. नंतर मीटर लावला तर अजूनही १९० व्होल्ट होते त्यावर. अंगठा लागून गेल्यावर, तासाभरानंतर, १९०. नंतर भिंगाखाली बघितलं तर ब्लीडर रेझिस्टरच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर, सोल्डर पायाला चिकटलेलं दिसतं पण चिकटलेलं नाही, ज्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. सबवूफरमध्ये हे फार होतं कारण अॅम्प त्याच खोक्यात बसवलेला असतो ज्यात स्पीकर धडधडतो, वर्षानुवर्षं तो हादरा खाऊन जड पार्टचे पाय सुटतात.

म्हणून आधी मीटर, मग हात. माझ्याकडे एक मुलगा शिकायला येतो, तो पहिल्या दिवशी म्हणाला काका प्लग तर काढलाय की, त्याला मी एवढंच सांगितलं की तू काढलास ते मी बघितलं, कॅपॅसिटरनं बघितलं का ते मीटरला विचार. मीटर डीसी व्होल्टवर, मोठ्या रेंजला. आणि तो आधी चालू बॅटरीवर लावून बघायचा, मग कॅपॅसिटरवर, मग परत बॅटरीवर, कारण मीटरची वायर आतून तुटली असेल तर तोही शून्यच दाखवणार आणि ते शून्य जीवावर बेतेल. लाल वायर करंटच्या भोकात राहिलेली नाही ना तेही बघायचं, तशी ठेवून कॅपॅसिटरला लावलीत तर मीटरच शॉर्ट करतो.

साठा असेल तर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून फट्कन उडवायचा नाही. हे मी मुद्दाम लिहितोय कारण अनुभवी म्हणवणारे लोक बिनधास्त करतात आणि नवीन पोरं तेच शिकतात. ठिणगीबरोबर वितळलेला धातू डोळ्यात जाऊ शकतो, बोर्डाची पट्टी उडते, कॅपॅसिटरही खराब होतो. त्यापेक्षा रेझिस्टरमधून हळू उतरवा. ५० व्होल्टवाल्या मोठ्या डब्याला १ किलोओहम १० वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या क्लिपा, १०,००० मायक्रोफॅरडला साधारण ५० सेकंदात जवळजवळ रिकामा. एसएमपीएसच्या ३२५ व्होल्टवाल्याला १० किलोओहम १० वॉट लावा, २२० मायक्रोफॅरडचा असेल तर दहा-बारा सेकंदात उतरतो. मग परत मीटर. डबे दोन असतील तर दोन्ही, एक उतरवला म्हणजे दुसरा उतरला असं होत नाही. आणि हे सगळं करताना अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढलेलं, शक्यतो एकच हात आत, दुसरा पत्र्यावर टेकवायचा नाही, म्हणजे करंट छातीतून जायचा रस्ता मिळत नाही. घराच्या मेन बोर्डवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका, आरसीसीबी असावाच पण प्लग काढलेल्या सेटमधल्या कॅपॅसिटरचा झटका त्याला दिसतच नाही.

काहींना वाटेल की कंपन्यांनी हे आधीच सुरक्षित करून ठेवायला नको का. थोडं केलंय. ऑडिओ व्हिडिओच्या वस्तूंसाठी आयईसी ६२३६८-१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात साध्या वापरणाऱ्या माणसानं प्लग ओढून त्याच्या पिना धरल्या तर त्याला झटका बसू नये याचा विचार केलेला आहे. पण कव्हरच्या आतली बाजू ही माहितगार माणसासाठी आहे असं तेच मानक धरून चालतं. मागच्या बाजूला त्रिकोणात विजेचं चिन्ह असतं ना, ते याचसाठी, आत इन्सुलेशन नसलेला, धोक्याचा व्होल्टेज आहे. लोक ते चिन्ह डिझाइन समजतात.

मग घरी काहीच करू नये का? तसं मुळीच नाही, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी सेटना कव्हर उघडायची गरजच नसते. सेट चालू होऊन लगेच प्रोटेक्टवर जातोय, म्हणजे दोष दिसला म्हणून स्वतःच आवाज बंद करतोय, तर प्लग काढा आणि सगळ्या स्पीकर वायरी मागून सोडवून परत चालू करा. तीन-चार सेकंदांनी रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, टक आवाज आला आणि सेट टिकला तर दोष बहुतेक आत नाही, एखाद्या वायरचा एक बारीक तंतू शेजारच्या टर्मिनलला शिवतोय किंवा एखादा स्पीकर गेलाय. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो तो चांगलाच आहे, शून्य किंवा अनंत दाखवला तर गेला. रिमोट चालत नाही तर फोनचा कॅमेरा त्याच्या पुढच्या बल्बवर धरा, बटण दाबल्यावर स्क्रीनवर चमक दिसली की रिमोट ठीक. टीव्हीचा आवाज येत नाही तर एआरसी (टीव्हीचा आवाज सेटकडे परत पाठवणारी सोय) लिहिलेल्याच पोर्टमध्ये एचडीएमआय आहे ना बघा, सेटिंग बघा, आणि केबल काढायची-लावायची ती दोन्ही सेट बंद करूनच. जाळ्यांवरची धूळ बाहेरूनच ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढा, रिसिव्हरच्या डोक्यावर दुसरा डबा ठेवू नका, गरम हवा वर जायला जागा पाहिजे. एवढ्यानं न भागलं तर मग कव्हर, आणि तेही ज्याला मीटर वाचता येतो त्यानंच.

आता तुमच्या मजकुरातल्या दुसऱ्या दोन गोष्टी. एक फ्युजची. फ्युज सारखा उडतोय तर थोडा जास्त अँपियरचा टाका असं लिहिलंय, कृपा करून असं सांगू नका. योग्य फ्युज सारखा उडतो म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट आहे, बहुतेक एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर नाहीतर स्पीकरला ताकद देणारे आउटपुट ट्रान्झिस्टर. जास्तीचा फ्युज किंवा तांब्याची तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळली की फ्युजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो आणि घराला आग लागू शकते. अँपियर तोच, व्होल्टेजही तोच आणि काचेच्या फ्युजच्या टोपीवर अँपियरच्या आधी टी आहे का एफ आहे तेही तेच पाहिजे, टी म्हणजे हळू उडणारा, एफ म्हणजे लगेच. टीच्या जागी एफ टाकला तर चांगला सेटही चालू करताना फ्युज उडवत राहील आणि माणूस भलतीकडेच शोधत बसेल.

दुसरी अर्थिंगची, आणि याचा मला जास्त त्रास झाला. स्पीकरमधून घूं असा हम येतोय तर प्लगची अर्थ पिन काढून बघा, असं छापलंय. हम जातोही कधीकधी, म्हणूनच तर लोक फसतात. पण ती पिन ज्या दिवशी आत इन्सुलेशन फाटेल त्या दिवसासाठी आहे. ती नसेल तर अॅम्पचा पत्रा लाइव्ह होतो, आणि एचडीएमआयच्या बाहेरच्या जाळीतून तोच करंट टीव्हीच्या, गेमच्या डब्याच्या अंगावर पोचू शकतो, लहान मूल कशाला हात लावेल सांगता येत नाही. हम घालवायचा तर सगळी उपकरणं एकाच अर्थवाल्या एक्स्टेंशनवर घ्या, एकेक केबल काढून बघा, कुठली काढल्यावर आवाज थांबतो ते कळतं, बरेचदा टीव्हीची केबल लाइनच निघते, तिला आयसोलेटर लावा, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थचा जोड तोडणारा छोटा डबा. अर्थला हात नाही.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी अजून थोडं. दुरुस्तीनंतर सेट एकदम भिंतीच्या प्लगला लावू नका, सिरीज बल्ब लावा, म्हणजे सेटला जाणारा करंट आधी ज्यातून जाईल असा ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. चालू करताना भप्पकन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आहे आणि तुमचे नवे ट्रान्झिस्टर वाचले. पण बल्ब लावलाय म्हणजे शॉक लागणार नाही असं नाही, मेन्स तो मेन्सच, भिंतीतले २३० व्होल्ट. स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत असावा, व्होल्टमध्ये आला तर व्हूफरची कॉइल जळायची. कॅपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढा किंवा जास्त, १०५ डिग्रीचा, आणि प्लस-मायनस दहा वेळा बघा, उलटा लागलेला फुटतो. सर्किट डायग्राममध्ये ज्या पार्टशेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह आहे तिथं जुन्या बोर्डातून काढलेलं काही बसवायचं नाही, त्याच जातीचा, त्याच रेटिंगचा पार्ट पाहिजे, मेन्सजवळचे एक्स आणि वाय छापलेले सुरक्षेचे खास कॅपॅसिटर यातच येतात.

तेव्हा विनंती अशी की येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, प्लग, फ्युज आणि अर्थ पिन या तिन्ही वाक्यांची, आणि लहान टायपात कोपऱ्यात नाही, त्या मजकुराएवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि तो फोटोही बदला. उघड्या अॅम्पवर दोन्ही हात टेकवलेत, बोटात अंगठी आहे, शेजारी मीटर कुठंच नाही. नवीन फोटो पाहिजे असेल तर कधीही कळवा, बेंच मोकळं करून ठेवतो.

आपला,
एक ऑडिओ दुरुस्ती करणारा वाचक