पाय मोडलेला स

लेस्टर, इंग्लंड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईशीच बोलणं होतं आणि तुम्ही मागून "शाळा कशी आहे विचार" एवढंच म्हणता. ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून आज लिहायला बसले. सव्वाचार वाजलेत आणि बाहेर अंधार पडायला लागलाय.

मला दिलेला वर्ग 'रिसेप्शन'चा. म्हणजे पहिलीच्या आधीचा, चार-पाच वर्षांच्या मुलांचा. पट तीसचा. लहान वर्गात एका शिक्षकामागे तीसच्या वर मुलं नकोत, असा इथे कायदाच आहे. वर्गशिक्षिका एक, मदतनीस बाई एक आणि सप्टेंबरपासून मी, शिकाऊ. हजेरी दोनदा, सकाळी आणि दुपारी. या वयाच्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण शाळेत फुकट मिळतं, आपल्या खिचडीसारखं. मुलं गालिच्यावर मांडी घालून बसतात आणि प्रत्येकाच्या हातात छोटी पांढरी पाटी असते. बाईंनी "दाखवा" म्हटलं की तीस पाट्या एकदम वर! पहिल्या दिवशी ते बघितलं आणि तुमचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला. बाहीने पाटी पुसणारी मुलं इथेही आहेत.

आईला हे मुद्दाम सांगा. मधल्या सुट्टीत बाहेर सोडायचं म्हणजे आधी तीस कोट चढवायचे. बाईंनी मला युक्ती दाखवली. कोट जमिनीवर उघडून पसरायचा, अस्तर वर आणि कॉलर मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि कोट डोक्यावरून मागे टाकायचा. झाला अंगात! चेन तेवढी आपण लावायची. सप्टेंबरात रडणारी एक मुलगी आता स्वतःचा कोट घालून शेजारणीचा पसरून देते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

इथे मुलांना ए, बी, सी अशी अक्षरांची नावं आधी शिकवत नाहीत, आवाज शिकवतात. अक्षरं २६, पण इंग्रजीतले आवाज साधारण ४४. एकट्या 'ई'चा आवाज कुठे दोन ई लिहून येतो, कुठे ई-ए, कुठे शेवटी वाय. क म्हटलं की क, हे आपलं सुख इथल्या मुलांना नाही. म्हणून सुरुवातीला मोजकी अक्षरं घेतात: एस, ए, टी, पी, आय, एन. त्यांचे आवाज एकामागोमाग म्हणून जोडले की शब्द तयार होतो.

ऑक्टोबरात माझा पहिला सराव पाठ होता, वीस मिनिटांचा. पाठ टाचण रात्री दोनदा लिहून काढलं होतं. फळ्यावर 'सॅट' लिहिलं आणि एकेक अक्षर दाखवत म्हटलं, "स, ॲ, ट." पुढे बसलेल्या एका मुलाला जोडायला सांगितलं. (मुलांची नावं शाळेबाहेर सांगायची नसतात, म्हणून नाव लिहीत नाही.) त्याच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. त्याने तीनदा म्हणून पाहिलं, बोटाने हवेत अक्षरं जोडली आणि म्हणाला, "सअटा?" मी 'नाही' अशी मान हलवली. त्याने पुन्हा तेच म्हटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

पाठ संपल्यावर बाई म्हणाल्या, "तू दिलंस तेच त्याने जोडलं." मी प्रत्येक आवाजाला शेपूट लावत होते. स म्हणताना त्यातला अ आपल्या जिभेवर इतका बसलाय की तो ऐकूच येत नाही. पोराने प्रामाणिकपणे तो अ सुद्धा जोडला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग तुमची आठवण झाली. 'जगत्'मधला त् शिकवताना तुम्ही मुलांना एका पायावर उभं करायचात. "पाय मोडला की अ पडला!" मी आठवडाभर स्वयंपाकघरात भांडी घासताना एका पायावर उभी राहून म्हणत होते: स्स्स, ट्, प्, न्न्न. स् आणि न् लांबवता येतात. ट् आणि प् मात्र ठिणगीसारखे तोडायला लागतात, जरा रेंगाळलं की अ चिकटलाच. आरशासमोर व्हीचा आवाजही घोटते आहे, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना व वापरतो, इथे चालत नाही.

पुढच्या मंगळवारी तोच शब्द पुन्हा घेतला, पाय मोडून. "स्स्स, ॲ, ट्." तो गप्प होता. मग ओठ हलले, आणि "सॅट!" म्हणून त्याने पाटी वर केली. एस आरशात दिसतो तसा उलटा काढला होता, टीची आडवी रेघ पाटीबाहेर गेली होती. बाबा, तुम्ही पस्तीस वर्षं हे रोज पाहत होतात आणि घरी येऊन काहीच बोलायचा नाहीत!

एक विचारायचं होतं. माझ्या वर्गात गुजराती, पोलिश, सोमाली बोलणारी मुलं आहेत. एक मुलगी दीड महिना झाला, एक शब्द बोललेली नाही. सगळं ऐकते, पाटीवर बरोबर लिहिते, पण तोंड उघडत नाही. दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या कोपींवरची, म्हणजे झोपड्यांवरची, मुलं तुमच्या वर्गात यायची, त्यातली काही घरी बंजारा बोलायची. पहिले आठ-पंधरा दिवस तुम्ही त्यांच्याशी कसं वागायचात? त्यांना बोलतं करायला काही करायचात, की वाट बघायचात? आठवेल तसं लिहा, फोनवर सांगू नका. मला ते वहीत चिकटवून ठेवायचंय.

आईचा गुडघा कसा आहे तेही कळवा.

तुमची लेक