ताई, ॲप आमचं झालं ते त्या दिवशी

ताईंना सप्रेम नमस्कार.

टँकरच्या नोंदीचं ॲप आम्हाला आमच्या हातानं बनवायला शिकवलंत, त्याचे फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीर लिहितेय. नाव लिहू नका असं बजावलंय, तेवढं पाळते. बाकी काही ऐकणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. उन्हाळा लागला की विहिरी तळ गाठतात आणि टँकर सुरू होतो. टंचाईत खेड्यात माणशी रोज २० लिटर पाणी, हा सरकारी हिशेब. आम्ही माणसं सहाशेच्या आसपास. म्हणजे १२ हजार लिटरच्या टँकरची रोज एक खेप यायलाच हवी. कागदावर ती रोज येत होती. विहिरीवर घागरी घेऊन बसलेल्या बायांना विचाराल तर वेगळंच ऐकाल. पण खेप चुकली तर ती चुकली हे दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि वहीत सह्या मात्र भरलेल्या.

यावर ॲप करून देतो म्हणून तुमच्या आधी एक कंपनी येऊन गेली होती. हारतुरे झाले, फोटो झाले, बचत गटानं पैसे मोजले. आलेलं ॲप रेंजशिवाय उघडायचं नाही, आणि आमच्या विहिरीवर रेंज नाही. त्यात खेपेची नोंद करायची सोयच नव्हती. एक 'तक्रार' नावाचं बटण होतं, दाबून तक्रार कुणाकडे जाते ते कुणी सांगितलं नाही. बदल करून मागितला तर नवीन कोटेशन आलं, आणि मग फोन उचलणं बंद झालं. खातं त्यांचं, पासवर्ड त्यांचा, मूळ फाईल त्यांच्याकडे. पैसे तेवढे आमचे होते. दूध आणि अंडी विकून बायांनी जमवलेले. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असं वाटतं.

त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा आम्ही सतरंजी टाकली, चहा दिला, पण विश्वास टाकला नाही. तुम्हीही काही करून देते म्हणाला नाहीत. आधी आमच्याबरोबर विहिरीवर येऊन बसलात. टँकर येतो तेव्हा कोण तिथे असतं, कुणाच्या हातात फोन असतो, अर्धाच भरलेला टँकर आला तर ते कसं कळतं, एवढंच विचारत राहिलात. मग शाळेच्या खोलीत लॅपटॉप उघडून धारावीतल्या नया नगरच्या मुलींची गोष्ट सांगितलीत. सार्वजनिक नळावर नंबर कधी लागणार याच्यासाठी त्या पोरींनी स्वतः 'पाणी' नावाचं ॲप बनवलं, बायकांच्या सुरक्षेसाठी दुसरं बनवलं. ज्या ॲप इन्व्हेंटरवर, म्हणजे पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून ॲप बनवायच्या अवजारावर, त्यांनी ते केलं, ते २०१० साली गूगलनं आणलं आणि २०१२ पासून अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ चालवतं. फुकट आहे, हेही तेव्हाच कळलं. ज्या कामाचे आम्ही पैसे मोजले होते त्या कामाचं अवजार फुकट मिळतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

माझी धाकटी जाऊ दहावी नापास. तिला तुम्ही लॅपटॉपसमोर बसवलंत. ठोकळ्यांवरचं इंग्रजी बघून ती उठायला लागली, तर तुम्ही म्हणालात, रंग बघा. हळदी रंगाचा ठोकळा म्हणजे 'हे बटण दाबलं की', आणि त्याच्या पोटात जे बसवाल ते घडणार. तिनं बसवला. हॉटस्पॉटवर जोडलेल्या फोनमध्ये 'खेप आली' हे बटण त्याच क्षणी उमटलं, तिनं ते दाबलं आणि खाली तारीख आणि वेळ आली. खोलीतल्या सगळ्या बाया उठून त्या फोनभोवती जमल्या. पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. नोंद फोनमध्येच साठते, रेंज लागत नाही, महिन्याची बेरीज आपोआप होते, रस्त्याला लागलं की व्हॉट्सॲपवर पाठवता येते, एवढं पुरे.

पण ताई, मला जे आयुष्यभर लक्षात राहील ते वेगळंच आहे. गटाच्या नावानं खातं उघडायचं होतं. फोन माझ्या हातात दिलात, "पासवर्ड तुम्ही ठरवा, मला सांगू नका" म्हणालात, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात. मला टाईप करायला वेळ लागला. आकडा चुकला, पुन्हा टाकला. तेवढा वेळ तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत. भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचत होतात. मग "झालं?" असं विचारून वळलात. नंतर मूळ फाईल गटाच्या पेन ड्राइव्हवर घातलीत आणि आमच्या डोळ्यांदेखत तुमच्या लॅपटॉपवरची काढून टाकलीत.

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या. मी बँकेत गेले, कचेरीत गेले, सेवा केंद्रात गेले, सगळीकडे माझ्या हातातून फोन काढून घेऊन "द्या इकडे, तुम्हाला जमायचं नाही" असंच म्हणतात. ओटीपी मोठ्यानं वाचायला लावतात. मदतही करतात, नाही असं नाही. पण त्या मदतीत माणूस लहान होतो. तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझी गोष्ट ही माझी आहे, असं समोरचा धरून चालला आहे. असं वागायला ना पैसा लागतो ना पद. तरी ते इतकं कमी का बघायला मिळतं, ते कळत नाही. शिकलेली माणसं गावात येतात तेव्हा बहुतेकांना काहीतरी देऊन जायचं असतं, आणि दिलेल्या गोष्टीवर स्वतःचं नाव हवं असतं. तुम्हाला तेही नको होतं.

या उन्हाळ्यात खेप चुकली की आमच्या बाया 'आली नाही' दाबत होत्या. महिन्याची यादी छापून, फोटोंसकट, आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वही मागवली, दोन्ही शेजारी ठेवून पाहिली आणि काही न बोलता फोन लावला. त्यानंतर टँकर वेळेवर आला. मागच्या आठवड्यात जावेनं जनावरांच्या पाण्यासाठी वेगळी नोंद घातली, कुणालाही न विचारता. तुम्हालाही नाही, हे सांगताना मला फार आनंद होतोय. आता खालच्या वस्तीवरच्या बायांना रेशनच्या धान्याची नोंद ठेवायची आहे. त्यांना जाऊ शिकवणार आहे.

सासूबाईंनी निरोप दिलाय की पोर फार वाळली आहे, नीट जेवत जा. थंडीत ज्वारी हुरड्यात आली की कळवते. आईवडिलांना घेऊन या, मुक्कामाला या. लॅपटॉप आणू नका.

तुमची,
बचत गटाची सचिव
(आणि गटातल्या सगळ्याजणी)