पुन्हा सुई-दोरा

सांगली,
रविवार

प्रिय सुमे,

हे सगळं फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून कागद घेतला. मी परत क्रॉस स्टिच, म्हणजे ते फुल्या-फुल्यांचं भरतकाम, करायला लागलेय. शाळेत माझ्या रुमालाची उलटी बाजू बघून तू किती हसायचीस, ते विसरले नाहीये हं!

आईची धाग्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, म्हणून 2019 च्या पुरातून वाचली. धागे चांगले आहेत, फक्त लाल लडी ओल्या फडक्यावर दाबून पाहिली तर फडकं गुलाबी झालं. ती बाद.

कापडासाठी हरभट रोड पालथा घातला. मॅटी मागितली की जाडंभरडं पुढे करतात. मी पट्टी लावून इंचातले चौकडे मोजायला लागले तेव्हा दुकानदार बघतच राहिला. मला 14 काउंटचंच, म्हणजे इंचात 14 चौकड्यांचंच हवं होतं. 18 चं काम सुबक दिसतं खरं, पण माझ्या डोळ्यांना आता ते झेपायचं नाही.

धाकटीच्या नव्या घरासाठी 'सुस्वागतम्' करायचंय. 112 फुल्या रुंद, 42 उंच. चौदाने भागलं की 8 बाय 3 इंच. चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडून 14 बाय 9 चं कापड घेतलं. सशा-फुलांचे नमुने हवे तेवढे मिळतात गं, देवनागरी अक्षरांचे मात्र मनासारखे मिळेनात. शेवटी आलेख वही आणून स्वतःच काढायला बसले. शिरोरेखा सोपी, दोन सरळ ओळी. पण 'त'चं वळण चौकोनात काही केल्या बसेना, आणि उकाराला खाली जागा ठेवली नाही तर तो थेट किनारीत घुसतो! दोन संध्याकाळी खोडरबरात गेल्या आणि खरं सांगू, मजा आली.

मध्येच आजीची इरकल काढून बघितली. तिच्यावरच्या कसुती भरतकामातला मेंथीचा टाका म्हणजे आपली हीच फुली. त्या बायकांपुढे ना छापील नमुना ना चौकड्यांचं कापड, लुगड्याचे धागे मोजून भरायच्या. आपण पट्टी घेऊन काय मिरवायचं!

सुई 24 नंबरची, बोथट टोकाची मिळाली. सहा पदरांतला एकच पदर दुप्पट लांब घेऊन मधोमध दुमडते, दोन्ही टोकं सुईत ओवते आणि पहिला टाका मागच्या फासात अडकवते. गाठच लागत नाही. या खेपेला उलटी बाजू बघायला ये.

आता तुझं काम. तुळशीबागेत गेलीस की अँकर कंपनीच्या 403 नंबर काळ्याच्या दोन लडी आण. डीएमसीच्या नकोत, महाग पडतात आणि त्यांचा काळा 310, नंबर जुळत नाहीत. लालाचा तुकडा या पाकिटात ठेवलाय. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, बाहेर उजेडात लडीला लावून बघ. लालाच्या चार लडी एकदमच घे, नंतर घेतलेल्यात छटा बदलते. पैसे आल्यावर देते, आणि नको म्हणायचं नाही.

तुझीच,
नली