संत्या, मराठवाड्यात येतोयस तर उपाशी ये

प्रिय संत्या,

तुझा मेसेज वाचला. "डिसेंबरात लातूरला येतोय, वाटेत कुठं खायचं त्याची लिस्ट टाक, रेटिंग चारच्या वरचं पाहिजे." लेका, रेटिंग बघून जेवायचं असेल तर पुण्यातच बस की. इकडं ज्या जागा खरंच भारी आहेत त्यातल्या बऱ्याचशांना धड पाटी सुद्धा नाही, मेन्यूकार्ड तर लांबच राहिलं, एक माणूस एकच पदार्थ करतो, सकाळी करतो आणि संपला की कढई पालथी घालून घरी जातो. म्हणून लिस्ट नाही पाठवत, पत्रच लिहायला बसलो, लांबणार आहे, काकूंना वाचून दाखव कारण त्यांचं पथ्य मला माहितीय. एकच नियम सांगतो, हॉटेल धरू नको, पदार्थ धर आणि त्याची वेळ धर. अकरा वाजता उठून नाष्ट्याला बाहेर पडणार असशील तर इकडं तुला पार्ले बिस्कीट आणि चहाच मिळणार.

तू पुण्याहून आधी संभाजीनगरला जाणार, पोरांना वेरूळ दाखवणार आणि मग बीडमार्गे खाली येणार असं म्हणायलास, ते बरोबर आहे, तसाच ये. संभाजीनगरात पहिलं काम नान खलिया. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्ली सोडून दौलताबादला राजधानी आणली तेव्हा एवढ्या मोठ्या लष्कराला एकदम खाऊ घालायला हे जेवण आलं असं इथले लोक सांगतात. खरंखोटं इतिहासवाले बघतील, पण डेगीत शिजताना बघितलं की पटतं, ते दोन-चार जणांसाठी करायचं जेवणच नाही. शहागंज, सिटी चौक ह्या जुन्या वस्तीत शिर, गाडी लांब लाव, आणि आधी नानची भट्टी शोध. नानला वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात म्हणून तो पिवळसर तकतकीत दिसतो, तुमच्या पंजाबी हॉटेलातल्या बटर नानशी ह्याचं काही नातं नाही, हा जाड आणि मऊ असतो आणि रस्सा पितो. खलिया म्हणजे मटणाचा तर्रीवाला रस्सा, दिसतो लाल भडक पण झणझणीत नसतो, मसाल्याचा वास जास्त आणि तिखट कमी. बसायच्या आधी "छोटे का की बडे का", म्हणजे बकऱ्याचं की म्हशीचं, एवढं विचारून घे, तिथं कुणाला त्याचं काही वाटत नाही, उलट तेच आधी सांगतात. चमचा मागू नको.

काकूंना आणि वहिनींना तिथं नेऊ नको, त्यांच्यासाठी भोज हॉटेलची थाळी आहे, राजस्थानी-गुजराती पद्धतीची, वाढणारे थांबतच नाहीत, मला ती जरा गोडसर वाटते पण काकूंना आवडणार हे लिहून देतो. संध्याकाळी गुलमंडीवर जा, उत्तमची इमरती गरम असतानाच उभ्यानं खायची, पॅक करून रूमवर नेलीस तर अर्धी मजा गेली. खडकेश्वरला गायत्रीची कचोरी आहे, पोरं खूश होतील. आणि रात्री उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर. तिथलं ते हजारोंच्या भावाचं कोहिनूर पान बातम्यांमुळं सगळ्यांना माहितीय, तू आपलं साधं मसाला पान खा, चव चांगलीच आहे आणि बायकोसमोर हिशोब द्यायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघ. बीडच्या पुढं मांजरसुंब्याचा चौक लागतो, ढाबेच ढाबे. इथं थोडं बोलायचंय. आजकाल हायवेवर प्रत्येक पाटीवर "गावरान", "चुलीवरचं", "अस्सल" लिहिलेलं असतं. मागं एका ठिकाणी चुलीवरचं मटण म्हणून मागवलं, आणि मागं हात धुवायला गेलो तर गॅसची शेगडी भकाभका पेटलेली, चूल बिचारी गिऱ्हाईकांना फोटो काढायला पुढं ठेवलेली. नाव नाही सांगत, पोटापाण्याचा धंदा आहे त्याचा. माझी खूण सांगतो, जिथं ट्रकवाले आणि एसटीचे ड्रायव्हर स्वतःच्या खर्चानं बसलेत तिथं बस, आणि भाकरी समोर थापताना दिसली पाहिजे. काळ्या मसाल्याचं वांगं, पिठलं, शेंगदाण्याचा ठेचा, ज्वारीची भाकरी, बास. पनीर मागवलंस तर माझ्याशी बोलू नको. कुठं येसर आमटी दिसली तर मात्र सोडायची नाही. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ असतं, बीडकडच्या लग्नाच्या पंगतीत ह्याची आमटी वाटीवर वाटी पितात. ढाब्यावर ती क्वचित मिळते, एखाद्या लग्नाचं आमंत्रण मिळवता आलं तर तेच उत्तम, इकडं अनोळखी माणसाला कुणी पंगतीतून उठवत नाही. वेळ असला तर कपिलधारचा धबधबा जवळच आहे, पण डिसेंबरात पाणी कमी.

तिथून पुढं धाराशिव जिल्हा सुरू झाला की गाडी हळू चालव, कारण हा खव्याचा मुलूख. भूम, वाशी, कळंब ह्या भागात पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून घरोघरी दूधदुभतं आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. सरमकुंडी फाट्यावर पेढ्याची दुकानं लागतात, तिथून आत कुंथलगिरी, जैनांचं मोठं तीर्थ, आणि खव्याला नाव पण त्याच गावाचं. पेढा घेताना दुकानदार आधी हातावर ठेवतोच, खाऊन बघ मग तोलायला सांग, शहरातल्यासारखा साखरेनं दातात करकरत नाही. धाराशिवात पोचलास की गुलाबजाम, तोच खवा, त्यामुळं मैद्याचा गोळा लागत नाही, पाकात भिजूनही आत दुधाची चव राहते. बकरं सुद्धा इकडचंच प्रसिद्ध बरं का, उस्मानाबादी शेळी म्हणून ती जातच आहे, काळी, लांब कानाची, तेव्हा मटण खायचं तर ह्या जिल्ह्यात खा.

तुळजापूरला दर्शन घेऊन लातूरच्या रस्त्याला लागलास की औशाच्या अलीकडं उजनी. धरणाचं उजनी नाही रे, ते भीमेवरचं, सोलापूर जिल्ह्यातलं. हे बासुंदीचं उजनी. रस्त्याकडेला दुकानं आहेत, दूध आटवत ठेवलेलं दिसतं, घट्ट, थोडी लालसर, साय तशीच वर. मी आजवर कुणाला तिथं एका वाटीवर थांबलेलं बघितलं नाही. जेवण करून जाऊ नको, जेवणाच्या ऐवजी जा. आणि आमच्या घरी आणायची म्हणून पार्सल घेशीलच, घे, नाही म्हणणार नाही.

मग लातूर. इथं हॉटेलात राहायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण सकाळी सहाला उठवणार आहे. निलंगा राईस खायला. पुण्यात आता आमच्या पोरांनी ह्याच्या गाड्या लावल्यात म्हणून ऐकलं असशील, मसालेदार भात, तेल जरा सढळच, बरोबर कांदा-लिंबू, कॉलेजची पोरं, हमाल, वकील सगळे एकाच गाडीला टेकून खातात. सकाळी सकाळी भात कसा खायचा असं वहिनी म्हणतील, म्हणू दे, त्यांना सुशीला देऊ. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना पोह्यासारखी फोडणी, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. कोथिंबीर म्हटलं की आठवलं, आमच्या जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे बघ, साधं चिंचेचं वरण केलं तरी तिन्ही मानकरी एका पातेल्यात. नाष्टा झाला की गंजगोलाईत चक्कर मारू, सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात, वहिनी हरवल्या तर सापडणं अवघड, फोन चार्ज करून आणायला सांग.

आता मुद्द्याचं. तारीख ठरवताना ख्रिसमसच्या सुट्ट्या बघू नको, कालनिर्णय उघडून मार्गशीर्ष अमावस्या बघ. आमची वेळा अमावस्या, आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर शहरात दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं गाव शेतात. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात, त्यामुळं तुला आमंत्रण लागत नाही पण तरी देतोय. कडब्याची खोप म्हणजे छोटी झोपडी करतात, आत पांडव म्हणून दगड मांडून पूजा, आणि मग जेवण. भज्जी म्हणजे भजी समजू नको, ती भाजी असते, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वाल, पावटा, पालेभाज्या असं त्या दिवसात शेतात जे जे आहे ते सगळं बेसन लावून शिजवलेलं. बरोबर बाजरीचे उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, ज्वारीची भाकरी, खीर, आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात, लसूण घालून, आदल्या दिवशीच करून ठेवतात, दुसऱ्या दिवशी आंबूस गार होते. दोन तांबे प्यायला की झाडाखाली आडवं व्हायचं, दुसरा इलाज नाही. आमची आई चार दिवस आधीपासून भज्जीची तयारी करते आणि कुणी मदतीला गेलं की हाकलून लावते. हे जेवण कुठल्याही हॉटेलात मिळत नाही, आता काही जण विकायला लागलेत म्हणे, पण टेबलाखुर्चीवर बसून भज्जी खाण्यात काय राम आहे. थोडं उशिरा आलास, जानेवारीच्या पुढं, तर हुरडा. आगटीतून म्हणजे शेकोटीच्या खड्ड्यातून काढलेली ज्वारीची गरम कणसं हातावर चोळून, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही.

सुट्टी उरली तर नांदेडला जाऊन ये. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये तिथंच देह ठेवला, हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर सगळ्यांना खुला, डोक्याला रुमाल बांध, पंगतीत खाली बस आणि रोटी दोन्ही हात पुढं करून घे, वरून टाकतात. दाल इतकी साधी आणि इतकी चांगली कशी लागते हे तिथल्या मोठमोठ्या कढया बघितल्यावर थोडं कळतं. रात्री देगलूर नाक्याला बिर्याणी नाहीतर तहारी, म्हणजे मसालेभातासारखा भात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाकडं होतो, ते पुस्तकात वाचण्यापेक्षा इथल्या ताटात जास्त दिसतं. परभणी-हिंगोलीकडं गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे आणि वांग्याची भाजी भारी असते, पण तेही देवाच्या कार्यातलं जेवण, ओळख लागते. परभणीत माझा साडू आहे, सांगून ठेवतो.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून ये, नाहीतर रांगेतच दिवस जाईल आणि उजनीला पोचेपर्यंत बासुंदी संपलेली असेल. तारीख दोन दिवसांत कळव, खोपीला कडबा आणायचाय आणि आईला माणसं किती ते आत्ताच पाहिजे.

तुझा,
पम्या

ता.क. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणि बर्फाची पेटी गाडीत टाकून आण. मागच्या वेळी तू खवा प्लास्टिकच्या पिशवीत नेला होतास, वहिनींनी मला फोनवर काय काय ऐकवलं ते अजून विसरलो नाही.