पु. लं.चा कान

लंडन,
रविवार दुपार

ती. मामास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपलं भांडण अर्धवट राहिलं, कारण मामीने तुला गॅसवरचं दूध बघायला पिटाळलं. म्हणून हे पत्र. इथे मला मध्येच तोडणारं कुणी नाही.

तुझं म्हणणं असं, की पु. ल. देशपांड्यांनी एकच काहीतरी धरून राहायला हवं होतं. प्राध्यापकी सोडली, सिनेमात जम बसतोय तोच तो सोडला, मग रेडिओ, मग टीव्ही. "बारा गावचं पाणी प्यायला, पण एका गावात विहीर खणली नाही," हे तुझं वाक्य तलावपाळीच्या कट्ट्यावर टाळ्या घेईल. मला पटत नाही.

तू त्यांच्या नोकऱ्या मोजतोयस. मला विचारशील तर माणूस आयुष्यभर एकच उद्योग करत होता, ऐकण्याचा. १९५३ चा 'गुळाचा गणपती' घे. कथा, दिग्दर्शन, संगीत, नायकाचं काम, सगळं त्यांचं, म्हणून 'सबकुछ पु. ल.'. पण त्यातलं आज लोकांच्या ओठांवर काय आहे? भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी'. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची. त्याच वर्षीच्या 'देवबाप्पा'तलं 'नाच रे मोरा' बालवाडीत सगळे नाचतात, पण ती चाल कुणाची हे किती जणांना ठाऊक असतं? अभिषेकींचं 'माझे जीवन गाणे' ही चालही त्यांचीच. वसंतराव देशपांड्यांना पेटीची साथ करणारा माणूस विनोद लिहायला बसला म्हणून काय कान काढून ठेवणार?

तुझ्याकडच्या पु. लं.च्या कथाकथनाच्या त्या कॅसेटी आठव, पेन्सिल घालून गुंडाळायला लागायच्या त्या. एकीकडे अंतू बर्व्याचा रत्नागिरी हेल, दुसरीकडे रावसाहेबांचं कानडी वळणाचं मराठी. गळा एकच. बेळगावला ते कॉलेजात शिकवत होते, तेव्हा हे बोलणं कानात मुरलं असणार. म्हणजे जी नोकरी 'सोडली' म्हणून तू हळहळतोस, तिनेच रावसाहेब दिले.

आणि गडकरी रंगायतनमधला 'बटाट्याची चाळ'चा तो एकपात्री प्रयोग विसरलास का? हौशी कलाकार होता बिचारा. टोपी, उपरणं, काठी, सगळी सामग्री होती. पाठांतर चोख. पुढचं वाक्य सगळ्यांनाच पाठ, त्यामुळे हशाही वेळेवर येत होता. पण म्हातारा काय, पोरगा काय, सगळे एकाच सुरात बोलत होते. मध्यंतरात वडा खाताना तूच म्हणालास, "सगळी चाळ एकाच बिऱ्हाडात राहते वाटतं!" मामा, माझा मुद्दा तू तेव्हाच मांडून ठेवला आहेस. १९६१ साली पु. लं.नी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, तेव्हा बिऱ्हाडं वेगवेगळी ऐकू येत होती, म्हणून ती चाळ झाली.

इथे आल्यापासून 'ती फुलराणी'बद्दलचा माझा आदर वाढलाय. शॉचं मूळ नाटक 'पिग्मॅलियन' ह्याच शहरातलं. आमच्या बाजारातला फळवाला शब्दाच्या सुरुवातीचा ह गिळतो आणि मधला ट घशातच अडकवून ठेवतो. तो बोलायला लागला की मला भाव कळेपर्यंत मागची बाई पैसे देऊन मोकळी होते. बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवणारं हे सगळं मराठीत कसं न्यायचं? १९७५ मध्ये पु. लं.नी त्या ह-टच्या फंदात न पडता फुलवाल्या मंजुळेला आपल्या रस्त्यावरची बोली दिली आणि प्रोफेसर जहागीरदाराला शुद्धतेचा ताठा. भक्ती बर्वेंचं नाव त्या भूमिकेला कायमचं चिकटलं. हे काम डिक्शनरी घेऊन होत नाही. पन्नाशीच्या सुमाराला शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले, तेही त्यातलंच. टागोरांचे अनुवाद वाचून भागलं नसतं का?

एक तक्रार मात्र माझीही आहे. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्यातल्या वल्ली जवळजवळ सगळे पुरुषच. बायका चहा आणून देतात आणि आत जातात. ज्याला पारशी पेस्तनकाका इतका अचूक ऐकू आला, त्याला स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं नसेल असं नाही. तिकडे लक्ष कमी गेलं. आणि 'सबकुछ' म्हणायचं तर प्रयोगांची शिस्त, हिशेब, देणग्या ह्यांत त्यांच्या पत्नीचा, सुनीताबाईंचा वाटा केवढा! त्यांचं आत्मकथन 'आहे मनोहर तरी' मामीने वाचलंय. तिच्याशी वाद घालून बघ, जमलं तर.

उत्तर लिहूनच पाठव. आणि मी डिसेंबरमध्ये ठाण्याला येतेय, तेव्हा गडकरीला किंवा घाणेकरला जे चांगलं लागेल त्याची तिकिटं काढून ठेव. बाल्कनीची नकोत, तुला आता जिने चढवत नाहीत हे आईने सांगितलंय, लपवू नकोस. गोखले रोडवरच्या खरेदीची यादी मामीला वेगळी पाठवते.

मामीला नमस्कार.

तुझी भाची