सांधेरीला तराजू नको

मालवण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या, फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळासाठी तू रचलेली मुत्सद्देगिरीची आणि सुव्यवस्थेची देवी वाचली. संगमरवरी देऊळ, हातात तराजू, पांढरी वस्त्रं आणि भक्त सगळे गोडबोले. राग मानू नकोस, पण असल्या देवीच्या दारात भांडण घेऊन जाईल कोण?

ग्रीकांच्या सुव्यवस्थेच्या देवीवरून, युनोमियावरून घेतलीस, ते ठीक. थेमिसची लेक, न्याय आणि शांती या तिच्या सख्ख्या बहिणी, हे तर फारच कामाचं. आमच्याकडेही देवी बहिणी-बहिणी असतात. शिमग्यात पालख्या भेटतात तेव्हा मान कुणाचा आधी, यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात.

माझं ऐकशील तर तिला मूर्तीच देऊ नकोस. आमच्या सातेरी देवीसारखं वारूळ असू दे. नाव सांधेरी. आणि तिने बोलायचं नाही, फक्त कौल द्यायचा. तू कौल लावताना पाहिलेला नाहीस म्हणून सांगतो. गुरव ओल्या कळ्या देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला चिकटवतो. गाऱ्हाणं सुरू होतं, ‘बा देवा म्हाराजा...’, मागून सगळे ‘व्हय म्हाराजा!’ मग कुणी खोकतसुद्धा नाही. एखादी कळी जराशी घसरते, पुन्हा अडकते. मानकऱ्यांचे चेहरे बघावेत तेव्हा! उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गावपळण! ना नोटीस, ना पोलीस. तुझ्या तराजूवालीला जमेल का हे?

आता खरी गोम. देवी हो किंवा नाही एवढंच सांगते, प्रश्न मात्र माणूस मांडतो. ‘बंधारा बांधू काय?’ आणि ‘खालच्या वाडीचं पाणी तोडू काय?’ बंधारा एकच, गाऱ्हाणी दोन. तेव्हा सांधेरीचे भक्त साधुसंत दाखवू नकोस. ते शब्दांचे कसबी. दोन्ही पक्षांना प्रश्न मान्य होईपर्यंत कळी लावायची नाही, हा त्यांचा नियम. त्या प्रश्नावरच ते आठ-आठ दिवस भांडतात, आणि तो जुळेस्तोवर निम्मं भांडण विरलेलं असतं. बिचाऱ्या देवीला काम उरत नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या असल्याच खेळाच्या १९७४ च्या पहिल्या नियमांत पात्रांची सुष्ट-दुष्ट अशी वाटणी नव्हतीच, सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी एवढंच होतं. तेच धर. खलनायकही बाहेरचा राक्षस नको. घरंदाज मानकरीच असावा, गाऱ्हाणं असं घालणारा की देवी खरं उत्तर देते आणि गाव बुडतो.

राखणदार मात्र आरवलीच्या वेतोबावरून घे. त्याला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावभर फिरून त्या झिजतात म्हणे. तह मोडणाऱ्याच्या दारात सकाळी तसलं एक पायताण पडलेलं दिसलं पाहिजे. वेगळा दंड नकोच.

एक पेच उरतो. दोन्ही बाजूंच्या कळ्या एकदम पडल्या तर? मी म्हणेन, दोघांना एका पंगतीला बसवावं आणि वाढपी तिसऱ्या गावचा आणावा. पण फासे तुझ्या हातात, रविवारी तूच ठरव. मी मात्र गुरव होणार, आधीच सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार. कोकमाचं आगळ पाठवतोय. बाटली उभीच ठेव.

तुझाच,
मालवणकर