घर कोटीचे, हप्ता बारा हजारांचा: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहणारा निवृत्त बँक कर्मचारी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कोणी कागद घेऊन आले, तर जमेल तसे समजावून सांगतो. रिव्हर्स मॉर्गेजबद्दल, म्हणजे राहते घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेण्याच्या योजनेबद्दल, विचारणारे पुष्कळ असतात. ते घेतलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. 2007-08च्या अर्थसंकल्पात चिदंबरम साहेबांनी ही योजना जाहीर केली, तेव्हापासून तिच्या अपयशाचे एकच कारण ऐकतो आहे: आपल्या लोकांचा घरात फार जीव, ते मुलांसाठी घर राखून ठेवतात. हे अर्धेच खरे आहे. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण मनाने तयार असतात. आकडा ऐकला की उठतात.

तो आकडा सांगतो. गृहस्थ 68 वर्षांचे, फ्लॅट एक कोटीचा. कर्जाची मर्यादा किमतीच्या निम्मी, म्हणजे 50 लाख धरा. व्याज 10 टक्के, मुदत 15 वर्षे. ऐकणाऱ्याला वाटते, 50 लाख आपले झाले. पण त्या रकमेत मुदत संपेपर्यंतचे व्याजही धरलेले असते. महिन्याला हाती पडतात साधारण 12,000 रुपये. पंधरा वर्षांत मिळून पावणेबावीस लाखांच्या आत-बाहेर. उरलेले सगळे व्याज. हिशेबात बँकेची लबाडी नाही. वसुली मालकाच्या पश्चात होणार, तोवर व्याजावर व्याज चढणारच. पण व्याजाचा दर सरकारला खाली आणता येईल. नॅशनल हाउसिंग बँक तुमच्याच मालकीची आहे. ज्येष्ठांच्या या कर्जासाठी तिने बँकांना स्वस्त पुनर्वित्त दिले, म्हणजे कर्ज देण्यासाठी लागणारा पैसा कमी व्याजाने पुरवला, तर हाच हप्ता बराच वाढतो.

त्याहून गंभीर गोष्ट मुदतीची. ती जास्तीत जास्त 20 वर्षे. मुदत संपली तरी नवरा-बायको हयात असेपर्यंत घरातून कोणी काढत नाही, हे चांगलेच. पण हप्ता बंद. वरच्या उदाहरणातले गृहस्थ तेव्हा 83 वर्षांचे असतील, आणि देखभालीसाठी घरात रात्रंदिवस बाई ठेवायची वेळ बहुधा तेव्हाच येते. विमा कंपनीमार्फत तहहयात रक्कम देण्याचा प्रकार 2009पासून कागदावर आहे. तो कोणत्या शाखेत मिळतो, हे विचारायला गेलेल्यांना काउंटरवर धड उत्तर मिळत नाही.

मग इमारतीची अट. तिचे उरलेले आयुष्य किमान 20 वर्षे हवे. डोंबिवली, ठाणे, गिरगाव, पुण्याच्या पेठा इथली जुनी घरे बघा. ज्यांच्याकडे पेन्शन नाही, असे म्हातारे नेमके याच घरांत राहतात. त्यातून कित्येक सोसायट्यांचे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणे, झालेले नाही; ती अजून बिल्डरच्याच नावावर. आत राहणाऱ्याने सगळे पैसे कधीच फेडलेले असतात, तरी वकिलाच्या टायटल रिपोर्टमध्ये (मालकी हक्काच्या तपासणीत) घोडे अडते. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डर करत नसेल तर सरकारी आदेशाने कन्व्हेयन्स करून देणे, हे राज्याचे काम आहे, मान्य. पण पुनर्विकास ठरलेल्या इमारतीत कर्ज पुढे नव्या फ्लॅटवर कसे चालवायचे, याचे स्पष्ट नियम तुमच्या खात्याकडून यायला हवेत.

वारसांबद्दलही थोडे. कर्ज फेडून घर ठेवून घेण्याचा पहिला हक्क त्यांचाच असतो. घर विकल्यावर उरलेली रक्कम त्यांना मिळते आणि विक्रीतून कर्ज पुरे फिटले नाही, तर तूट त्यांच्याकडून वसूल होत नाही. आलेल्या हप्त्यांवर प्राप्तिकरही नाही. एवढे मराठीत एका पानावर छापून प्रत्येक शाखेत लावले, तर घरोघरची निम्मी भांडणे टळतील. (सुना-जावयांची भीती हा वेगळा विषय, त्यात सरकारने पडू नये.)

येत्या अर्थसंकल्पात नवी योजना नको. याच योजनेत हप्ता तहहयात करा आणि इमारतीच्या उरलेल्या आयुष्याच्या 20 वर्षांच्या अटीऐवजी तिचे स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) ग्राह्य धरा. तारीख ठरली की कळवा. संघात विचारणाऱ्यांना सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली